टेस्ट कुमारची बायको

माझ्या मेडिकल बुकात ‘ओळखीची खूण’ या रकान्यात ‘कपाळावर आठी’ असं लिहिलेलं आहे. लिहिणारे गोपीनाथ मोहरील. चेष्टेने लिहिलं असतं तर मी तेव्हाच खिडकीसमोर उभी राहून भांडले असते. पण नगर प्रशासनाच्या ऑफिसातल्या त्या खिडकीमागून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, थोडा विचार केला आणि मग वळणदार अक्षरात ते लिहिलं. मी तो रकाना रिकामा सोडला होता, आणि मोहरीलबाबूंना रिकामा रकाना बघवत नसे.

हा माणूस मूळचा नागपूरचा. भोपाळच्या या कारखान्यात कारकून म्हणून आला आणि सगळी नोकरी एका खिडकीमागे काढली. क्वार्टर बदलून हवं, नळ गळतो, मुलाला शाळेत घालायचंय, दवाखान्याचं बुक हरवलं, प्रत्येक गोष्टीला फॉर्म होता आणि प्रत्येक फॉर्म त्यांच्या खिडकीतून आत जायचा. शेजारच्या खिडकीतले बाबू ‘अधूरा है, कल आना’ म्हणून कागद बाहेर ढकलत. मोहरीलबाबूंकडून कागद कधी परत गेला नाही. समोरच्याला जे आठवत नसे ते यांना आठवायचं. कोणाचा स्टाफ नंबर काय, कोण टाईप-दोनच्या क्वार्टरमधून टाईप-तीनमध्ये कधी गेला, कोणाच्या सासऱ्यांचं नाव काय, सगळं तोंडपाठ. आणि जे त्यांनाही माहीत नसे ते ते अंदाजाने भरून मोकळे होत. एका फिटरने मुलाच्या शाळाप्रवेशाच्या अर्जात सगळं लिहिलं आणि मुलाचं नावच लिहायला विसरला. यांनी ‘राजू’ लिहून टाकलं, कारण गल्लीत त्याला राजूच म्हणत. तो मुलगा आता चांगला इंजिनीयर आहे आणि त्याच्या पासपोर्टवरही राजूच आहे.

मला असल्या वागण्याचा राग येतो. मी टाउनशिपच्या शाळेत विज्ञान शिकवलं. उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडावी, ठोकून देऊ नये, हे पोरांच्या डोक्यात भरता भरता मी म्हातारी झाले. आणि समोरच्याच क्वार्टरमध्ये हा माणूस राहत होता, ज्याने आख्ख्या टाउनशिपच्या कोऱ्या जागा भरून टाकल्या होत्या. पण त्यांची बायको शशिकला माझी मैत्रीण होती. तिच्याकडे बघून मी बरंच काही गिळलं.

शशी दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजाराला आम्ही दोघी मिळून जायचो. ती भाव करायची आणि मी पिशव्या धरायची. ती गेल्यावर मी कित्येक दिवस त्या बाजाराकडे फिरकले नाही, कारण मला भाव करता येत नाही आणि दुसरं कारण तुम्हाला कळेलच. गोपीनाथराव मात्र बाहेरून होते तसेच राहिले. सकाळी फिरणं, दुपारी झोप, संध्याकाळी आमच्या यांच्याबरोबर, म्हणजे अच्युतबरोबर, कोपऱ्यावरच्या बाकावर कारखान्याच्या गप्पा. त्यांना एकदाही रडताना बघितलं नाही. मला ते समजत नसे, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा. इतकी वर्षं संसार केला आणि डोळ्याला पाणी नाही, असं मी एकदा अच्युतला म्हटलंसुद्धा.

यंदा फेब्रुवारीत नोटीस लागली. जुनी मेडिकल बुकं बंद. निवृत्त झालेल्या प्रत्येकाने कारखान्याच्या नव्या पोर्टलवर आपला फॉर्म भरायचा, मार्चअखेरपर्यंत. जो भरणार नाही त्याला एप्रिलपासून टाउनशिपच्या दवाखान्यात औषध मिळणार नाही. इतरांचं एक वेळ चाललं असतं. गोपीनाथरावांच्या हृदयात व्हॉल्व्ह बसवलेला आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी, दोन्ही त्याच दवाखान्यातून. गोळीत खंड पडला तर व्हॉल्व्हवर गाठ धरते आणि माणूस बोलता बोलता जातो. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, त्यांच्या मुलीला, मीनाला, माहीत होतं. म्हणून नोटीस वाचली त्याच दिवशी मी समोर जाऊन सांगितलं की बाकी सगळं राहू द्या, फॉर्म आधी भरा. ते म्हणाले, भरतो की.

भरला नाही. मार्च उजाडला तरी भरला नाही.

बरं, त्यांना फॉर्म भरता येत नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. टाउनशिपमधले सगळे म्हातारे मोबाइल घेऊन त्यांच्याच व्हरांड्यात येऊन बसत होते. कोलार रोडला आणि मिसरोदला फ्लॅट घेऊन गेलेले लोकसुद्धा रिक्षा करून येत होते. खिडकी गेली, पण मोहरीलबाबू आहेत ना. ते एका बोटाने टाईप करून प्रत्येकाचा फॉर्म भरून देत. कोणाला स्टाफ नंबर आठवत नसला की यांना आठवायचा. दुपारी मी व्हरांड्यातल्या चपला बघायची आणि मनात म्हणायची, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी कारणं शोधायला लागले. डोळे? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, डोळे माझ्यापेक्षा चांगले. आळस? ते पहाटे उठून अंगण झाडणारे. घमेंड? ती त्यांच्यात नव्हती, ती आमच्याकडे आहे. मीनाने रोज जेवताना विषय काढून बघितला. तिने म्हटलं की बाबा, मीच भरते, दोन मिनिटांचं काम आहे. पण त्यासाठी त्यांच्या मोबाइलवर येणारा नंबर लागायचा आणि मोबाइल ते हातात देत नसत. ‘माझा फॉर्म मीच भरीन,’ एवढंच म्हणत. मग जेवणं झाली की स्वतः लॅपटॉप उघडत, बराच वेळ बसत आणि बंद करत. विचारलं तर म्हणत, उद्या होईल.

आता मीनाच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू झाला. मीना कोलार रोडवरच्या एका लहानशा कंपनीत आहे. पोर्टल बनवणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे, आणि तपासायचं काम हिच्या कंपनीकडे. पोर्टल सुरू झालेलं होतं, पण त्यात रोज कुठेतरी काहीतरी मोडायचं, म्हणून त्याची एक खोटी प्रत ठेवून त्यावर रोज परीक्षा चालायच्या. मीना आठवड्यातले काही दिवस ऑफिसात आणि काही दिवस घरून काम करायची.

ती स्वतः फॉर्म भरत बसत नसे. तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो चालू केला की लॅपटॉपवर ब्राउझर आपोआप उघडायचा, नावाच्या चौकटीत अक्षरं उमटायची, यादी उघडून त्यातलं काहीतरी निवडलं जायचं, चौकोनात खूण पडायची आणि शेवटी बटण दाबलं जायचं. हात नाही, बोट नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते आवडलं नाही. कोणी नसलेल्या घरात भांड्यांचा आवाज यावा तसं वाटलं. गोपीनाथरावांना मात्र फार आवडलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले ते रोजच बसायला लागले.

फॉर्म ज्याच्या नावाने भरला जायचा त्या खोट्या माणसाचं नाव होतं टेस्ट कुमार. नाव टेस्ट, आडनाव कुमार. गोपीनाथराव त्याला कुमार म्हणायला लागले. कुमार आज लवकर आला. कुमारचा स्टाफ नंबर काही आपल्या कारखान्याचा वाटत नाही. कुमारने कालच क्वार्टर बदललं, आज परत जुनं लिहितोय. मीना हसायची. आई गेल्यापासून घरात असं काही बोलणं नव्हतं, तर बोलू देत, असं ती मला म्हणाली. मलाही ते ठीक वाटलं. त्या वयात माणसाला काहीतरी विरंगुळा लागतो.

पण मीनाच्या परीक्षांमध्ये एक उलटी परीक्षा होती. पोर्टलने अर्धवट फॉर्म अडवला पाहिजे, हे बघायचं तर फॉर्म मुद्दाम अर्धवट भरावा लागतो. म्हणून तिचा प्रोग्रॅम ‘पत्नी का नाम’ ही चौकट मुद्दाम रिकामी सोडायचा आणि बटण दाबायचा. पोर्टलने लाल अक्षरात ‘यह जानकारी भरना अनिवार्य है’ असं बजावलं तर परीक्षा पास. मुकाट्याने फॉर्म घेतला तर नापास. आमच्याकडचं नेट फार संथ, त्यामुळे बटण दाबण्याआधी चांगलं मिनिटभर थांबायचं, असंही तिने त्यात लिहून ठेवलं होतं.

त्या थांब्यात काय व्हायचं ते मला पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. उगाच ताणून धरणं मला जमत नाही. प्रोग्रॅम चालू करून मीना गच्चीवर फोनवर बोलायला जायची. इकडे कुमारचा फॉर्म भरत भरत खाली यायचा, बायकोच्या नावाची चौकट रिकामी राहायची आणि सगळं जागच्या जागी थांबायचं. गोपीनाथरावांना वाटायचं, अडला. खिडकीसमोर माणूस असाच अडतो आणि मान वर करून बघतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. ते पुढे वाकून एका बोटाने ‘सुमित्रा’ लिहायचे. मग आपोआप बटण दाबलं जायचं, फॉर्म आत जायचा आणि ते समाधानाने खुर्चीला पाठ टेकायचे.

इकडे मीनाचा जीव मेटाकुटीला आला. तिची परीक्षा रोज सांगायची की पोर्टल अर्धवट फॉर्म घेतं. पोर्टलवाले सांगायचे, शक्यच नाही, आमच्याकडे अडवतं. मीना ऑफिसात जाऊन तोच प्रोग्रॅम चालवायची तर तिथे खरंच अडवायचं. घरी आली की परत घेतलं जायचं. तिने प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचून काढला. नेट बदललं. लॅपटॉप मधल्या खोलीतून पुढच्या खोलीत आणला, तेव्हा गोपीनाथरावांनी आपली खुर्चीही पुढच्या खोलीत आणली. अच्युतला विचारलं तर तो म्हणाला की अर्थिंग तपासा. आयुष्यभर टर्बाइनवर काम केलेल्या या माणसाला प्रत्येक रोगावर हे एकच औषध माहीत आहे.

मग कोणीतरी त्या खोट्या प्रतीत जमा झालेले कुमारचे फॉर्म उघडून बघितले. प्रत्येकावर बायकोचं नाव होतं, सुमित्रा. मीनाच्या प्रोग्रॅममध्ये सुमित्रा कुठेही नव्हती. ऑफिसात कोणाचं नाव सुमित्रा नव्हतं, कोणाच्या आईचं, बहिणीचंही नव्हतं. मीनाच्या वरचा जयंत म्हणून एक मुलगा आहे, त्याने फोन करून विचारलं की ही सुमित्रा कोण. मीना म्हणाली, मला माहीत नाही. जयंतचा विश्वास बसला नसावा, कारण तो म्हणाला की नीट आठवून सांग.

त्या दिवशी मीना माझ्याकडे येऊन बसली. ती म्हणाली, ‘काकू, मला आता माझाच भरवसा वाटत नाहीये. कदाचित मीच कधीतरी लिहिलं असेल आणि विसरले असेन.’ मी विज्ञानाची शिक्षिका. मी तिला सांगितलं की प्रयोग एका ठिकाणी जमतो आणि दुसऱ्या ठिकाणी जमत नाही, तर दोन ठिकाणांत फरक काय ते शोध. फार शहाणपणाने सांगितलं. फरक समोरच्या क्वार्टरमध्ये खुर्चीवर बसलेला होता आणि मला तो रोज खिडकीतून दिसत होता, पण डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

मार्च संपत आला होता. सुमित्राचं कोडं एकीकडे आणि न भरलेला फॉर्म दुसरीकडे, त्या घरात दोघं माणसं दोन वेगवेगळ्या काळज्यांत होती आणि एकमेकांना धड काही सांगत नव्हती. गोळ्यांची शेवटची पाकिटं उरली होती. मी दवाखान्यात जाऊन तिथल्या फार्मासिस्टला विचारून आले. तो म्हणाला की मोहरीलबाबूंना कोण नाही ओळखत, पण कंप्युटरवर नाव नसेल तर गोळी माझ्या हातून निघणार नाही.

एका दुपारी मी कढीगोळ्यांचं पातेलं घेऊन समोर गेले. दार उघडंच होतं. लॅपटॉपवर कुमारचा फॉर्म आपोआप भरत होता. मी दारात उभी राहून बघत राहिले. सगळं भरून झालं, एक चौकट राहिली, थांबलं. आणि गोपीनाथराव पुढे वाकले, चष्मा नाकावर ओढला आणि एकेक अक्षर शोधत ‘सुमित्रा’ लिहिलं. माझ्या मागे जिन्यावरून मीना उतरून आली होती. तिनेही ते बघितलं.

मला वाटलं ती ओरडेल. ती दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली.

‘बाबा, हे तुम्ही रोज करता?’

‘अटकतो ना बिचारा,’ ते म्हणाले. ‘रोज याच जागी अटकून राहिला. दोन अक्षरं लिहिली की पुढे जाते.’

‘पण सुमित्राच का?’

ते गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. एका माणसाची बायको रोज बदलून कशी चालेल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग मीनाने त्यांना सगळं समजावलं. चौकट मुद्दाम रिकामी सोडलेली असते. पोर्टलने कुमारला परत पाठवावं हीच तिची इच्छा असते. परत पाठवलं की परीक्षा पास. त्यांनी तीनदा तिला हे परत सांगायला लावलं आणि तिन्ही वेळा त्यांचा चेहरा तसाच राहिला. ज्या माणसाने कधी कोणाला खिडकीवरून परत पाठवलं नाही, त्याला त्याचीच मुलगी सांगत होती की आमच्याकडे परत पाठवलं तरच टाळ्या वाजतात. मीनाने गच्चीवर जाऊन जयंतला फोन लावला आणि सुमित्रा कोण ते सांगितलं. तो पोट धरून हसला म्हणे. त्याने एवढंच म्हटलं की काकांना माझा नमस्कार सांग आणि यापुढे लॅपटॉपच्या खोलीचं दार लावून ठेव.

मीनाचं निभावलं. पण माझं डोकं तापलं होतं. मी पातेलं टेबलावर आदळलं आणि त्यांना म्हटलं की जो माणूस जन्मालाच आलेला नाही त्याची बायको तुम्ही रोज भरता, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे फॉर्म भरता, आणि स्वतःचा भरायला तुम्हाला काय झालंय? मुलीला पोरकं करायचंय का? हे शेवटचं बोलायला नको होतं, पण बोलले. मीनाने मला थांबवलं नाही.

त्यांनी कुमारचा फॉर्म बंद केला. मग म्हणाले, ‘बसा, शोभाताई. तुमच्यासमोरच भरतो.’

त्यांनी खरं पोर्टल उघडलं. मोबाइलवर आलेला नंबर टाकला. पडद्यावर वर लिहून आलं, ‘अधूरा आवेदन’. म्हणजे त्यांनी फॉर्म भरायला घेतला होता, एकदा नाही, पुष्कळदा. सगळं भरलेलं होतं. स्टाफ नंबर, क्वार्टर नंबर, रक्तगट, व्हॉल्व्हचं ऑपरेशन, सगळं. वैवाहिक स्थिती, विवाहित. पत्नी का नाम, शशिकला गोपीनाथ मोहरील. तिची जन्मतारीख. तिचा रक्तगट. त्याच्या खाली एक चौकट रिकामी होती आणि तिच्याखाली लाल अक्षरं होती. पत्नी का छह महीने के भीतर का फोटो.

‘इथपर्यंत येते,’ ते म्हणाले. ‘मग हे फोटो मागते.’

मीना त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसली आणि हळूच म्हणाली की बाबा, वरची यादी उघडा, विवाहित आहे ना तिथली, त्यात तिसरं आहे बघा. त्यांनी यादी उघडली. विवाहित, अविवाहित, विधुर/विधवा, तलाकशुदा. बाण तिसऱ्या ओळीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग यादी मिटली. परत उघडली, परत मिटली. बोट मात्र दाबत नव्हतं.

‘सगळ्यांचं निवडून दिलं मी हे,’ ते म्हणाले. ‘गुप्ताभाभीचं दिलं. कुळकर्ण्यांचं दिलं. एका क्लिकचं काम आहे, त्यांना म्हटलं, घाबरू नका. माझ्याच्यानं होऊन नाही राहिलं, मीना.’

तेव्हा मला कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली नाही, फक्त शशीची फार आठवण आली. इतके महिने मी या माणसाच्या कोरड्या डोळ्यांवर चिडत होते आणि तो नोटीस लागल्यापासून रोज जेवणानंतर या एका शब्दासमोर बसून उठत होता. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, सरका, मी दाबते.

त्यांनी माउसवर दुसरा हात ठेवला.

‘तुम्ही नको. तुमची मैत्रीण होती ती.’

मीनाने हात पुढे केला. त्यांनी मान हलवली.

‘तूही नको, बेटा. तुझी आई आहे.’

आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. पोर्टल मधे एकदा सूचना द्यायला लागलं की काही हालचाल नसेल तर बाहेर काढीन. बाहेर कोणीतरी म्हातारा मोबाइल घेऊन आला होता, त्याला मी खुणेनेच उद्या या म्हणून सांगितलं. मोहरीलबाबूंच्या दारातून माणूस परत जाण्याची ती पहिलीच वेळ असावी.

मग ते मीनाकडे वळले.

‘कुमारला सांग ना,’ ते म्हणाले. ‘त्याला माहीत नाही ती.’

मीनाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने ओठ दाबून धरले आणि लॅपटॉप आपल्याकडे ओढला. तिने प्रोग्रॅम उघडला. टेस्ट कुमारचं नाव काढून तिथे गोपीनाथ मोहरील लिहिलं, त्याचा नंबर काढून यांचा घातला, खोट्या प्रतीचा पत्ता काढून खऱ्या पोर्टलचा घातला, आणि यादीतलं तिसरं उचलायचं, एवढं लिहिलं. मोबाइल वाजला तेव्हा त्यांनी आलेला नंबर एकेक आकडा करून मोठ्याने वाचून दाखवला. ब्राउझर नव्याने उघडला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

अक्षरं उमटायला लागली. नाव, स्टाफ नंबर, क्वार्टर. खाली यादी उघडली आणि मिटली, मला नीट दिसलंसुद्धा नाही. बायकोच्या चौकटी, नाव, जन्मतारीख, फोटो, सगळ्या पानावरून निघून गेल्या आणि खालचा मजकूर वर सरकला. बटण दाबलं गेलं. हिरव्या अक्षरात आलं की आवेदन स्वीकारलं आहे, कार्ड दवाखान्यातून घ्यावं.

‘झालं, बाबा,’ मीना म्हणाली.

ते पडद्याकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘त्यानं वाचलं का ते? का नुसतं तिसरं म्हणून उचललं?’

‘नुसतं तिसरं, बाबा. त्याला वाचता येत नाही.’

‘मग ठीक आहे,’ ते म्हणाले.